कॉफी दळण्याचे यंत्र आणि माझी इतर मालमत्ता

मंगळवार, दिनांक १९ नोव्हेंबर २०२४. आज गिरणीला सुट्टी. सकाळी दाढी केली, पंखा पुसला, दुकानातून दोन पेनं आणली, कारण घरातली सगळी वाळली होती. दुपारी अडीच वाजता साक्षीदार येणार आहेत. त्याआधी हे लिहून पुरे करतो.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार याच घरात, लिहून ठेवतो की माझी शुद्ध शाबूत आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. हे लिहायला मला कोणीही भाग पाडलेले नाही. सहा वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द होते. त्यात गिरणीतला माझा अर्धा हिस्सा माझ्या भावाला न देता बाहेरच्या माणसाला विकावा असे लिहिले होते. ते का लिहिले आणि आता का खोडतो, ते पुढे येईल.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. हे माझ्या आणि माझ्या पत्नीच्या नावावर होते. ती दिनांक २९ ऑगस्ट रोजी वारली. आम्हाला मूलबाळ नाही. घर माझ्या पुतणीला द्यावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. स्वयंपाकघरातला नळ उजवीकडे जोरात पिळू नये.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातले अर्धे शेजारच्या निवृत्त नर्सबाईंना द्यावे. त्यांनी आजारपणात पत्नीचे केस धुतले, नखे कापली. त्या घेणार नाहीत. तरी द्यावे. उरलेले अर्धे पुतणीला.

कलम ३. हत्यारे. गिरणीच्या दगडाला टाकी लावायच्या माझ्या चार छिन्न्या आणि हातोडी. दगड झिजला की त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, हे काम आता आमच्याकडे मी आणि माझा धाकटा भाऊ असे दोघेच करतो. छिन्न्या भावाला द्याव्यात. सर्वांत लहान छिन्नीचा दांडा मी बदललेला आहे, तो त्याच्या हाताला जाड वाटेल. तासून घ्यावा.

कलम ४. हाताने फिरवायची लाकडी कॉफीची चक्की. ही पत्नीची. ही कोणालाही देऊ नये. हिच्याबद्दल थोडे लिहावे लागेल.

पत्नीला कॉफी लागायची, मला नाही. ती बिया आणायची आणि दुकानातून दळून घ्यायची. त्या पुडीचा वास दोन दिवसांत उतरतो असे तिचे म्हणणे होते. बावीस वर्षांपूर्वी एकदा ती जेवताना म्हणाली, "अहो, गावभराचं पीठ दळता, माझ्या मूठभर बिया तेवढ्या जड झाल्या का?" दुसऱ्या दिवशी गिरणी बंद करण्याआधी मी तिची पुडी नेऊन दगडाखाली घातली. तिला विचारले नव्हते. घरी जाऊन सांगावे असा बेत होता.

आमच्या धंद्यात एक धान्य काढून दुसरे घातले की पहिली पायली दगड धुवायला जाते, ती गिऱ्हाइकाला देत नाहीत. मला हे येत नव्हते असे नाही. मला वाटले, एवढ्याशा बियांनी काय होणार. सकाळी भावाने बेकरीवाल्यांचा चाळीस किलो गहू वरून दळला. सगळ्या पिठाला कॉफीचा वास. त्यांनी भाजलेला पावही तसाच.

दुपारी पत्नी माझा डबा घेऊन आली तेव्हा गिरणीत सहासात माणसे उभी होती. भावाच्या हातात तिच्या अक्षराची रिकामी पुडी होती. तो म्हणाला, "वहिनी, ही गिरणी आहे. तुमचं स्वयंपाकघर नाही. आमचं नाव मातीत घालायचं असेल तर तसं सांगा."

तिने पुडीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "कॉफी माझीच आहे भावजी. चुकलं."

मी तेव्हा मोटारीचा पट्टा पुसत होतो. मी पट्टा पुसत राहिलो.

ती त्यानंतर गिरणीत आली नाही. घरीही तिने मला याबद्दल एकदाही विचारले नाही. आठवड्याने ही लाकडी चक्की आणली आणि रोज सकाळी मांडीत धरून फिरवली. मी भावाशी कामापुरते बोलू लागलो. त्याने माझ्या बायकोला चारचौघांत सुनावले, याचा राग धरला आणि तो बावीस वर्षे नीट सांभाळला. तो राग त्याच्यावर ठेवणे सोयीचे होते. पहिले मृत्युपत्र त्यातून झाले.

कलम ५. विजेवर चालणारे कॉफी दळण्याचे यंत्र, एक, नवे, खोक्यात. हे भावाला द्यावे. त्याला कॉफी करता येत नाही. शिकेल.

गेल्या वर्षी पत्नीच्या मनगटातली ताकद गेली आणि चक्की फिरेना. ती पुन्हा दुकानची पूड पिऊ लागली. मग मी ठरवले की दळण्याच्या बाबतीत तरी माझ्याकडून चूक होता कामा नये.

दुकानातल्या बाईंनी आधी पात्याचे यंत्र दाखवले. मी म्हटले, हे दळत नाही, तोडते. अर्धे भरड, अर्धी धूळ. मग त्यांनी दातेरी चकत्यांचे काढले. एक चकती स्थिर, एक फिरती, मधली फट कमीजास्त करता येते. म्हणजे आमचीच गिरणी, तांब्याएवढी. मी मोटारीचा वेग विचारला, कारण वेगाने दळले की माल तापतो आणि वास उडतो. दाते कशाचे, चकती घरी उघडता येते का, ब्रश आत पोहोचतो का, हे विचारले. बाई म्हणाल्या, "काका, लोक रंग विचारतात."

पहिले यंत्र शंकूच्या आकाराच्या पोलादी चकत्यांचे, सावकाश फिरणारे. बटण समोर आणि मोठे. पत्नीने ते स्वतःच्या बोटाने दाबले. कॉफी प्यायली आणि म्हणाली, "चांगलं आहे. ठेवा."

मी दुसऱ्या दिवशी ते उघडले. नळीत आदल्या दिवशीची पूड अडकलेली होती. काट्यावर घातली, दोन ग्रॅम भरली. म्हणजे रोजच्या कपात कालचे शिळे दोन ग्रॅम जाणार. ती म्हणाली, "अहो, बावीस वर्षं शिळं चालवून घेतलंय, दोन ग्रॅमनं काय होतंय?" मी ते परत केले.

दुसरे सपाट चकत्यांचे. नळी स्वच्छ राहायची, पूड एकसारखी. चिमटीत घेऊन मी स्वतः पाहिली, एकही कण मोठा नाही. पण सुरू केले की भांडी वाजायची, आणि बटण मागच्या बाजूला. तिने कानांवर हात ठेवले. "गिरणी घरात आणलीत की हो. मी तर तिकडं जायचं सोडलं होतं."

दिनांक २९ ऑगस्ट, गुरुवारी, मी ते यंत्र परत करायला गेलो. फोन घरीच राहिला होता. काउंटरवर मी बाईंशी चकत्यांमधल्या फटीबद्दल पाऊण तास बोललो. तेवढ्यात घरी तिला श्वास घेता येईना. नर्सबाईंनी डॉक्टरांना बोलावले आणि मी सापडेना म्हणून गिरणीत फोन केला. भाऊ कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी आला. मी पोहोचलो तेव्हा सगळे झाले होते. तिच्या उशाशी अर्धा कप होता.

त्या कपाचे मला भावाने महिन्याने सांगितले. दगडाला टाकी लावत बसलो होतो, तेव्हा मान वर न करता म्हणाला, "दादा, वहिनींनी कॉफी मागितली होती. मला कुठं येते? डब्यातली पूड पाण्यात उकळली. दोन घोट घेतले त्यांनी."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, पाणी जास्त झालंय. आणि मी त्या दिवसाबद्दल माफी मागितली, तर म्हणाल्या, जाऊ दे भावजी, तुम्ही निदान बोललात तरी."

त्याने पुन्हा छिन्नी चालवायला घेतली. मीही.

सप्टेंबरअखेर मी त्या दुकानात गेलो आणि पहिलेच यंत्र विकत घेतले, दोन ग्रॅमवाले. ते खोक्यातच आहे.

कलम ६. गिरणीतला माझा अर्धा हिस्सा, दगड, मोटार, पट्टे, वजनकाटा आणि नावाची पाटी धरून, माझ्या धाकट्या भावाला द्यावा. तो त्या दिवशी जे बोलला ते चुकीच्या माणसाला बोलला. पुडी मी नेली होती, बिया मी घातल्या होत्या, दगड मी धुतला नव्हता. हे त्याला कोणी सांगितलेले नाही. हे कलम त्याला वाचून दाखवावे, म्हणजे माझ्याकडून सांगणे झाले असे होईल.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला, तो मला मान्य आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४, दुपारी दोन पन्नास.

सही: गिरणीवाला, थोरला.

आमच्या दोघांच्या समोर यांनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १: कोपऱ्यावरचे औषधवाले.
साक्षीदार २: बेकरीवाले.

यापुढच्या ओळी साक्षीदार गेल्यावर लिहीत आहे. त्यांना कायद्याने काही किंमत नसावी.

औषधवाले सही करून लगेच गेले. बेकरीवाले चष्मा पुसत थांबले. त्यांचेच पीठ खराब झाले होते, म्हणून मी त्यांना कलम सहा वाचायला दिले. त्यांनी वाचून कागद परत केला.

"हे मला सांगतोयस होय? तुमच्या मोटारीचा तो जुना स्टार्टर दोन हातांनी ओढावा लागायचा. वहिनींच्यानं तो हलला तरी असता का? मला त्याच दिवशी कळलं होतं."

मी म्हटले, "मग बोलला नाहीत."

"माझा संबंध काय? दोन गिऱ्हाइकांनी तर तसलाच पाव पुन्हा मागितला होता." मग पायात चप्पल घालता घालता म्हणाले, "मला कळलं, तर तुझ्या भावाला कळलं नसेल? तो स्टार्टर रोज ओढणारा माणूस. रागाच्या भरात बोलून गेला, मग तू तोंड उघडशील म्हणून थांबला असेल. तूही बरा. मेल्यावर सांगणार म्हणे."

दार लावून घेतले. कलम सहा खोडलेले नाही. ते एका वेगळ्या कागदावर उतरवून घेतले आणि घडी करून उद्याच्या शर्टाच्या खिशात ठेवले. गिरणी सातला उघडते. भाऊ पावणेसातला येतो.

मग खोके उघडले. फट मधल्या टप्प्यावर ठेवली. मूठभर बिया घालून बटण दाबले, ती पूड टाकून दिली. पुन्हा बिया घातल्या. पूड चिमटीत घेऊन पाहिली. बरी आहे. ती झाकणाच्या डबीत भरली आणि डबी उद्याच्या डब्याशेजारी ठेवली. वीज बंद केली, वरची चकती काढली आणि नळीत अडकलेले दोन ग्रॅम ब्रशने झाडून काढले.