परदेशी निघण्यापूर्वी केलेली तालुंगच्या घराची व्यवस्था

मी, जुनकुमारी गुरुंग, कै. रायफलमन पूर्णध्वज गुरुंग यांची पत्नी, वय अडुसष्ट, मूळ राहणार तालुंग, जिल्हा लमजुंग, हल्ली मुक्काम पोखरा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे वकील गोमा अधिकारी यांनी सांगितले. मला कोणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून भुलवलेले नाही. वकीलबाईंनी दोन पानांचा मसुदा टाइप करून दिला होता. मसुदा चांगला होता, पण त्यात मी कुठे सापडले नाही. म्हणून तो बाजूला ठेवून हे लिहिते. कायद्याला लागतील ती वाक्ये त्यांनी मध्ये मध्ये सांगितली आहेत.

कारण असे की माझा एकुलता मुलगा, कप्तान हितमान, ब्रिटिश फौजेच्या गुरखा पलटणीत आहे. पोखऱ्याच्या छावणीतली त्याची तीन वर्षे संपली. पौषात त्याला इंग्लंडला हजर व्हायचे आहे. सून शोभना, नात प्रजना आणि मी त्याच्याबरोबर जात आहोत. माझे कागद वेगळे आहेत, सैनिकाची विधवा म्हणून मिळालेले. शेजारणी म्हणतात, "या वयात म्हातारीला फरपटत नेताहेत." हे खोटे आहे. मी हौसेने जात आहे, आणि तसे या दस्तात मुद्दाम नोंदवते. मात्र माझ्या वयाचे माणूस गेले की परत येईलच असे नाही. म्हणून मागची व्यवस्था.

कलम १. माझ्या पतीची दोन पदके आणि पलटणीच्या टोपीवरचा बिल्ला हितमानला द्यावा. बापाला त्याने पाहिलेले नाही. लहानपणी तो पदके शर्टाला लावून बकऱ्यांपुढे कवायत करी. तालुंगची नाचणीची शेते आणि खालचे भाताचे खाचर हेही त्याचेच. ते विकायचे की ठेवायचे हे त्याने ठरवावे, फक्त पुढे कलम ४ मध्ये लिहिले आहे ते पाहून.

कलम २. पोवळ्यांची माळ आणि कानातले सोने शोभनाचे. ती माझ्याशी दोन महिने भांडते आहे. मी पेटीत काही ठेवले, अगदी आंबवून वाळवलेल्या पाल्याचे गुंद्रुकसुद्धा, की ती वजनकाट्यावर घालते आणि काढते. "आमा, गुंद्रुक दोन किलो चालेल, सात नाही. विमानात वास सुटला तर हितमानला खाली उतरवतील." मी म्हटले, "उतरवू देत. तो कप्तान आहे, चालत येईल." इतकी हसली की काट्यावरच बसली. घरात अशी सून आहे म्हणून मी परक्या मुलखात जायला धजते. सोने देताना हे तिला वाचून दाखवावे. तोंडावर मला बोलता येत नाही.

बँकेत जे काही उरले असेल ते प्रजनाच्या शिक्षणाला.

कलम ३. तालुंगच्या शाळेला पुस्तकांचे एक लाकडी कपाट द्यावे. हे दान नाही, जुना हिशेब आहे. मला अक्षरओळख नव्हती तेव्हा पतीची पत्रे गावचे मास्तर वाचून दाखवीत. मला एकदा वाचत आणि चहाच्या दुकानात चार वेळा. "तुझ्या हातच्या ढिंडोची आठवण येते," असे पतीने लिहिले होते. ढिंडो म्हणजे नाचणीच्या पिठाची घट्ट उकड. वर्षभर गावातली पोरे मला पाहिले की "ढिंडो, ढिंडो" ओरडत. त्या रागाने मी बायकांच्या वर्गाला जाऊन बसले आणि लिहायला शिकले. मास्तर आता नाहीत. त्यांच्या घरच्यांना मी काही देत नाही. कपाट शाळेला.

कलम ४. तालुंगचे राहते घर.

हे कलम लांब आहे. वकीलबाई मला आजी या अर्थी बज्यै म्हणतात. म्हणाल्या, "बज्यै, एवढं सगळं मृत्युपत्रात लिहायचं नसतं." मी म्हटले, "मग कुठे लिहायचं ते सांगा."

त्या काळी ब्रिटिश फौजेतल्या आमच्या जवानांना साऱ्या नोकरीत एकदाच, दोन-अडीच वर्षांसाठी, बायकोला सोबत नेण्याची परवानगी मिळे. एरवी तीन वर्षांनी एकदा सहा महिन्यांची रजा. विक्रम संवत २०३३ सालच्या चैत्रात माझ्या पतीला हाँगकाँगमध्ये ती परवानगी मिळाली. मी एकवीस वर्षांची होते. लग्नाला चार वर्षे झाली होती, आणि त्यांच्याबरोबर धड वर्षभरही राहिले नव्हते. पत्र्याची ट्रंक भरली. पोखऱ्याला उतरून फोटो काढला, टोचून घेतले. निघायला अकरा दिवस उरले आणि सासूबाई अंगणाच्या पायऱ्यांवरून पडल्या. खुबा मोडला. त्यांना उचलायला, पुसायला, कूस बदलायला माणूस हवे होते.

घरात सुना दोन. मी कांछी, म्हणजे धाकटी. थोरल्या बाटुली दिदी. माझे थोरले दीर भारताच्या फौजेत होते, ते २०२८ च्या लढाईत पडले. दिदींना मूलबाळ नाही. मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. "दिदी, दोनच वर्षं. आल्यावर जन्मभर मी करीन." त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, "माझी कंबर गेलीय, कांछी. घागर उचलत नाही मला, त्यांना कशी उचलू?"

मी राहिले. परवानगीची मुदत गेली. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी दिदींना पाठीवर गवताचा भारा घेऊन चढ चढताना पाहिले. माझ्यापेक्षा भरभर चढत होत्या.

सासूबाई आणखी नऊ वर्षे जगल्या. माझे पती २०३५ साली रजेवर आले आणि परत गेले. २०३६ च्या आषाढात, पलटणीचा डोंगरात सराव चालू असताना दरड कोसळून ते गेले. तिकडेच पुरले. मला पाचवा महिना होता.

दिदी आणि मी सत्तेचाळीस वर्षे एका चुलीवर जेवलो. हितमानला दोघींनी वाढवले. पण मी कंबरेचे विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही.

या अश्विनात आम्ही घर बंद करायला वर गेलो. हितमान म्हणाला, "आमा, ठुली आमाला पोखऱ्यातल्या चांगल्या आश्रमात ठेवू. माझी ओळख आहे. घर विकून टाकू, नाहीतर दोन पावसांत बसेल." ठुली आमा म्हणजे त्याच्या थोरल्या काकू, बाटुली दिदी. त्या पडवीत मका सोलत होत्या आणि त्यांना सगळे ऐकू येत होते. मी जाऊन शेजारी बसले. चार कणसे सोलून झाल्यावर विचारले, "दिदी, तेव्हा कंबर दुखत होती का?"

"केव्हा?"

"तुम्हाला ठाऊक आहे केव्हा."

त्यांचे हात थांबले नाहीत. "नव्हती दुखत."

"मग?"

"तू गेली असतीस तर या घरात कोण राहिलं असतं? मी, अंथरुणातली म्हातारी आणि भिंतीवरचा फोटो. चोवीस वर्षांची होते गं मी. वेड लागलं असतं. मला वाटलं, ही गेली की येत नाही."

"दोन वर्षांसाठी जात होते."

"आमचे हेही दोन महिन्यांत येतो म्हणूनच गेले होते, कांछी."

मी म्हटले, "मला त्यांच्याबरोबर राहायला मिळाली असती ती दोन वर्षं. तेवढीच."

"ठाऊक आहे. रोज उठल्याबरोबर पहिलं तेच आठवतं." मग मक्याचे दाणे सुपात गोळा करत म्हणाल्या, "आता जा. आता कंबर खरंच गेलीय, पण या खेपेला मी कुणाला सांगायची नाही."

त्या संध्याकाळी मी हितमानला सगळे सांगितले. तो संतापला. "तिनं तुझं आयुष्य बुडवलं, आणि तू तिला घर देणार?" मी म्हटले, "घर माझं आहे. बुडालेलं आयुष्यही माझंच आहे. दोन्हीचं काय करायचं ते मी बघते."

तेव्हा ठरवते ते असे. तालुंगचे घर, परसू, गोठा आणि पाण्याचा नळ यांचा उपभोग बाटुली गुरुंग यांनी मरेपर्यंत घ्यावा. त्यांना तिथून कोणी हलवू नये, चांगल्या आश्रमातही नाही. त्या असेपर्यंत घर विकू नये, आणि त्यांच्या पोटापुरती नाचणी आणि भात कलम १ मधल्या शेतांतून द्यावा. त्यांच्या पश्चात घर हितमानचे.

वकीलबाईंनी विचारले, "जावेला क्षमा केली आहे, असं एक वाक्य घालू का? दस्त शोभेल." नको. क्षमा केलेली नाही. जे केलेले नाही त्यावर मी सही करणार नाही.

कलम ५. माझे दोन्ही माग, चाती आणि अल्लो या रानटी झुडपाच्या सालीचे उरलेले सूत गावच्या आमा समूहाच्या, म्हणजे महिला मंडळाच्या, बायकांना. अट एकच. माग तालुंगच्या घराच्या पडवीतच राहतील, बायकांनी तिथेच येऊन विणायचे. आठवड्यातून निदान पाच दिवस. समूहाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "आमच्या गलक्यानं बाटुली दिदी वैतागतील." वैतागू देत.

कलम ६. माझ्या देहाविषयी. जिथे मरेन तिथेच अग्नी द्यावा. पेटीत घालून विमानाने आणू नये, त्या पैशात गावचा विधी नीट होईल. विधीला पुरोहित गावचेच बोलवावे आणि तो तालुंगलाच करावा, म्हणजे माझ्या जिवाला वाट विचारावी लागणार नाही. जाताना हितमान दोन दिवस हाँगकाँगला थांबणार आहे, त्याच्या वडिलांची कबर दाखवायला. ते पाहून झाले म्हणजे तिकडच्या मातीकडे माझे काही मागणे नाही.

कलम ७. माझ्या मरणाची बातमी सर्वांत आधी बाटुली दिदींना कळवावी. ती फोनवरून सांगू नये. आमा समूहातल्या कोणीतरी बाईने घरी जाऊन सांगावी.

२०३६ साली माझ्या पतीची तार घेऊन एक पेन्शनर आला होता. त्याने ती अंगणात उभ्याने वाचली, पाणीसुद्धा न पिता वळला आणि उतार उतरून गेला. त्याचाही दोष नाही, त्याला आणखी दोन गावे करायची होती. मी उंबऱ्यातच बसून राहिले. बाटुली दिदी गोठ्यातून आल्या, शेणाचे हात धुतले आणि माझ्याशेजारी बसल्या. तेरा दिवस उठल्या नाहीत. माझ्या तोंडात घास त्यांनी घातला. मी तो थुंकून टाकला, तर दुसरा घातला. पोटातले मूल जगले ते त्या घासांवर.

म्हणून जी कोणी बातमी घेऊन जाईल, तिने आधी आत जाऊन भात चढवावा. मग शेजारी बसून सांगावे. आणि दिदींनी जेवल्याशिवाय तिथून उठू नये.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वरील सर्व मजकूर माझाच आहे, वाचून पाहिला आहे, खाडाखोड तीन ठिकाणी आहे आणि तिथे माझी सही आहे.

(सही) जुनकुमारी गुरुंग
डाव्या व उजव्या अंगठ्याचे ठसे

आमच्यासमक्ष सही झाली:
१. गोमा अधिकारी, वकील, पोखरा
२. सुभेदार (निवृत्त) नरजंग घले, पोखरा

स्थळ: पोखरा
मिती: मंसिर (मार्गशीर्ष) ९, विक्रम संवत २०८०