उलट्या तोंडाची सीट

३ एप्रिल, गुरुवार

सूनबाईंचा हुकूम आला! फोनवर बोलला धम्मदीप, पण शब्द त्याचे न्हाईत, मला कळतं. म्हणे, "बाबा, बुद्धपौर्णिमेला पुण्याहून रेल्वेनं राणीला घेऊन येतो. पण तुमच्या गाडीत लेकराची सीट असेल तरच तिला बसवू. नाही तर नांदेडहून आम्ही दुसरं काही बघतो."

तुमच्या गाडीत! एकतीस वर्षं हिंगोली आगारात एसटी चालवली. विनाअपघात सेवेचा बिल्ला कपाटात आहे. सेनगाव, गोरेगाव, पुसेगाव — रस्ता नव्हता तिथं गाडी घातली, अन् आयांच्या मांडीवरची लेकरं सुखरूप घरी पोचवली. माझ्या स्वतःच्या नातीला मी एकदाच पाहिलंय, नामकरणाला. आता ती अकरा महिन्यांची. अन् तिला गाडीत घ्यायचं तर आधी मी परीक्षा द्यायची.

जनकाला म्हणलं, हे डोकं दीक्षाचं. ती मेथी निवडून राहिली होती. वर बघितलं न्हाई. "लेकराच्या भल्याचंच हाय," एवढंच बोलली.

बायको पण तिकडंच.

४ एप्रिल

गाडी बाहेर काढताना डावा आरसा फाटकाच्या खांबाला घासून फुटला. जनका म्हणते, खांब सहा वर्षांपासून तिथंच आहे. असंल. डोकं तापलं की असं होतं. अन् डोकं कुणी तापवलं?

७ एप्रिल

नेमसिंगकडं गेलो. वीस वर्षं माझा कंडक्टर. वाटलं, हा तरी माझ्या बाजूनं बोलंल. त्याला हसू आवरेना — "जळबाभाऊ, आता लेकरालाही रिझर्वेशन!" मग मोबाईल काढून एक व्हिडिओ दाखवला. गाडी भिंतीवर आदळते, आत बाहुल्या बसवलेल्या. मांडीवरची बाहुली हातातून सुटून काचेवर जाते. सीटमधली जागच्या जागी.

मी चहा अर्धा टाकून उठलो. नेमसिंगला वाटलं मी रागावलो. रागावलो न्हाई. मला ती बाई आठवली.

कोणालाच कधी सांगितलं न्हाई, इथं लिहितो. मुक्कामी गाडी, सेनगावच्या पुढं. म्हैस आडवी आली. करकचून ब्रेक दाबला. मागं एक बाई ओरडली — मांडीवरचं पोरगं निसटून पुढच्या सीटखाली गेलं होतं. काढलं, रडलं, दूध प्यालं. काही लागलं न्हाई. नोंद झाली न्हाई. बिल्ला देताना ते कुणी मोजलं न्हाई.

सीट घ्यायची. पण दीक्षा म्हणली म्हणून न्हाई.

१० एप्रिल

आज मोजमाप. जनकाचा शिवणाचा टेप घेतला. आमची गाडी म्हणजे डबी — मागं दोघं ऐसपैस, तिघं दाटून. धम्मदीप फोनवर सांगून राहिला होता: वर्षाच्या लेकराची सीट उलट्या तोंडानं बसवायची, तोंड मागच्या काचेकडं. मोठं झालं की तीच सीट सरळ करायची. तिला कन्व्हर्टिबल म्हणतात. उलटी सीट तिरपी राहते, म्हणून जागा जास्त खाते. पुढची सीट पार पुढं सरकवावी लागते.

एवढं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणे, गाडीचा मागचा पट्टा चांगला पाहिजे, सीट त्यानंच बांधायची.

मागचा पट्टा! आहेच कुठं? पट्टे लोंबून राहिलेत दोन बाजूंना, पण अडकवायचं बक्कल न्हाई. अर्धा तास हात घालून घालून बोटं सोलली. कारखान्यानं दिलंच न्हाई म्हणून शिव्या दिल्या. दुपारी सीट कव्हरवाल्या पिंटूला बोलावलं तर तो दात काढायला लागला. "काका, तुमीच तर सांगितलं व्हतं. मागं कोण पट्टा लावतंय, टोचते बसायला, टाक खाली अन् शिवून घे."

व्हय. मीच सांगितलं होतं. गाडी घेतली त्याच दिवशी. गावातल्या सगळ्या गाड्यांचं असंच आहे, पिंटू म्हणला, जशी काही माझी समजूत काढून राहिला होता. ब्लेडनं शिवण उसवली. खालून दोन बक्कलं निघाली, नवीकोरी. एकात हरभऱ्याचं फोलपट.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक. सीटचं नाव काढलं न्हाई. बरं वाटलं.

१७ एप्रिल

नांदेडला जाऊन आलो, जनका बरोबर. मुद्दाम गाडी घेऊन, म्हणजे दुकानातच बसवून बघता येईल.

जाताना औंढ्याच्या अलीकडं डावीकडून एक मोटरसायकलवाला अंगावर आला. जनका किंचाळली, मी ब्रेक दाबला, वाचला बिचारा. हॉर्न द्यायची पद्धतच राहिली न्हाई! जनका पुढचे दोन मैल दाराची मूठ धरून बसली. मग म्हणली, डोळ्याच्या डॉक्टरला दाखवून येऊ, नांदेडला चाललोच हाओत. मी तिला लांबचा मैलाचा दगड वाचून दाखवला, अक्षरासकट. पुढं काय बोलणार?

दुकानातल्या बाई हुशार. पहिल्यांदा विचारलं, गाडी कोणती अन् पुढं कोण बसतं. पहिली सीट दिसायला मोठी झोकदार — गाडीत ठेवली तर पट्टा चार बोटं कमी पडला. बक्कलापर्यंत येईचना. बाई म्हणल्या, छोट्या गाडीत हे नेहमीचं आहे, लोक न बघता नेतात अन् मग दोरीनं बांधतात. दुसरी अरुंद बुडाची होती. ती बसली. डाव्या बाजूला, जनकाच्या मागं. पण पुढची सीट शेवटच्या खाचेपर्यंत ढकलावी लागली. जनकाचे गुडघे समोर टेकले.

मी म्हणलं, तू मागं बस की. नातीजवळ. तिचा हात धरून. अजून काय पाहिजे आजीला?

"मी पुढंच बसणार," म्हणली.

गुडघ्यांनी जिना चढवत न्हाई बाईला! दुकानातल्या बाईंनी पण समजावलं. ऐकलं न्हाई. पुढंच. नातीपेक्षा पुढची सीट प्यारी! असली हौस हिला कधीपासून लागली? परत येताना मी एक शब्द बोललो न्हाई. ती मात्र बोलून राहिली होती. डावीकडं सायकल. डावीकडं शेळ्या. डावीकडं थांबा थोडं. आयुष्यभर मी गाडी चालवली अन् आता ही मला शिकवणार.

२६ एप्रिल

सीट बसवायला शिकलो. पुस्तकात चित्रं आहेत, पण शिकलो एसटीच्या टपावर बोजा बांधायचो त्यावरून. आधी गुडघा देऊन दाबायचं, मग पट्टा खेचायचा. हलवून बघितलं तर बोटभरसुद्धा हलंना. सात वेळा काढली, सात वेळा बसवली. सातव्यांदा जनका दारात उभी राहून बघून राहिली होती. मला वाटलं, शाबासकी देईल. डोळ्याला पदर लावून आत गेली. काहून, विचारलं न्हाई. बायकांचं काय सांगावं.

४ मे

धम्मदीपला सीटचा फोटो पाठवला. अंगठा आला. सुनेचा तोही न्हाई.

धम्मदीपला गाडी येत न्हाई — ड्रायव्हरचं पोरगं! चालवते ती. पुण्यात. म्हणून एवढा तोरा.

सकाळी चहाचा कप हाताला लागून सांडला. जनकानं डावीकडं ठेवलाच काहून?

११ मे, रविवार

आणली! नांदेड स्टेशनवरून थेट घरापर्यंत, कुठं खरचटलंसुद्धा न्हाई.

स्टेशनवर राणीनं मला बघितलं अन् एकदम माझ्या चष्म्यालाच हात घातला. मी काय लिहू. दोन दात आलेत. गालाला हात लावला तर माझंच बोट तोंडात घातलं.

दीक्षानं सीट हलवून बघितली. हलली न्हाई. "बाबा, इतकी घट्ट तर पुण्यात पण कुणी बसवत नाही," म्हणली, अन् तिचा आवाज जड झाला. मला वाटलं, असंल नाटक. कारण लगेच पुढचं बोललीच — "घरापर्यंत मी चालवू का? तुम्ही सकाळपासून चालवताय."

हे होतं तर पोटात! सीट झाली, आता ड्रायव्हर बदलायचा! स्टेशनच्या आवारात, चार लोकांत मी तिला म्हणलं, "तुमच्या जन्माआधीपासून स्टेरिंग धरलंय. बसा मागं." ती बसली. लेकराजवळ. धम्मदीप खाली मान घालून तिच्या पलीकडं. जनका पुढं, गुडघे समोर दाबून.

रस्ताभर हिचं सुरूच. डावीकडं ट्रॅक्टर. डावीकडं बाई चाललीय. वसमतच्या पुढं मी सुनेदेखत तिच्यावर ओरडलो, तू काय माझी कंडक्टर हाईस का! मग गप्प झाली. तेवढ्यापुरती. पुन्हा हळूच, पुटपुटल्यासारखं — डावीकडं.

राणी झोपून आली सगळा रस्ता. उतरलो तेव्हा मी ताठ मानेनं उतरलो. चाबी सगळ्यांसमोर खिशात टाकली.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

पांढरे कपडे, विहार, खीर. राणी माझ्या कडेवर. सगळ्यांनी विचारलं, नात का? व्हय, नात. गाडीत सीट लावून आणली.

दुपारी मी अंगणात बाजेवर बसून धम्मदीपला मुक्कामी गाड्यांचे किस्से सांगून राहिलो होतो. दीक्षानं राणीचा व्हिडिओ काढला, रांगतानाचा. संध्याकाळी दाखवला. मला वाटलं गंमत आहे.

राणी माझ्याकडंच येऊन राहिली होती. डाव्या बाजूनं. बाजेचा पाय धरून उभी राहिली — पहिल्यांदाच! हातात बिस्कीट. ते माझ्याकडं धरलं. धरूनच उभी. मी समोर बघून बोलून राहिलोय, एकतीस वर्षं, एकतीस वर्षं. तिचा हात माझ्या कोपरापासून वीतभर. ती "आ" म्हणते. मी हसून राहिलोय, पण धम्मदीपकडं बघून. मग तिचं तोंड वाकडं झालं. जनका आली अन् तिला उचलून घेऊन गेली. तेव्हा मी वळलो.

कुणी हसलं न्हाई. मी म्हणलं, बोलायच्या नादात होतो. धम्मदीप म्हणला, "हो बाबा." लई लवकर म्हणला.

१३ मे

पहाटे उठून व्हिडिओ एकट्यानं बघितला. मग उजवा डोळा झाकला अन् फाटकाकडं बघितलं. फाटक दिसलं. खांब न्हाई.

जनका मागं उभी होती. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत? "वर्ष झालं," म्हणली. "तुमाला गाडी सोडा म्हणलं असतं तर तुमी जेवण सोडलं असतं. म्हणून सीटचं मीच दीक्षाला बोलायला लावलं. वाटलं, तुमाला काही जमायचं न्हाई, लेकरू दुसऱ्या गाडीनं येईल. अन् तुमी सात सात वेळा बसवून राहिले."

म्हणून पुढं बसत होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर काळेनिळे डाग आहेत, आज बघितले. अन् मी त्याच डोळ्यांनी राणीला नांदेडहून घेऊन आलो.

दीक्षाला हाक मारली. चाबी तिच्या हातात दिली. म्हणलं, डोळ्याच्या डॉक्टरकडं चल. ती पाया पडायला वाकली, मी वाकू दिलं न्हाई.

धम्मदीप घरी थांबला. जनका पुढंच बसली, सवयीनं डावीकडं बघत. मी मागं, राणीच्या सीटच्या उजवीकडं. ती माझ्या डाव्या बाजूला येते. पूर्ण मान वळवली की दिसते. नांदेडपर्यंत मान सरळ केली न्हाई.