थांब, हात लावू नको, पळ, सांग

सोमवार, ६
बालवाडीत गेलो, बातमीसाठी. पाच-सहा वर्षांची पोरं आणि विषय काय, तर बंदूक दिसली तर काय करायचं! संपादक म्हणाले, "जरा हलकंफुलकं लिहा." यमावर हलकंफुलकं. बरं.

बाईंनी चार गोष्टी सांगितल्या : थांब, हात लावू नको, पळ, मोठ्यांना सांग. पोरांनी सुरात म्हटल्या. सगळ्यांत मोठा गळा आमच्या भाचीचा. तिच्या घरी खरंच पिस्तूल आहे. गल्लीत चोरी झाली तेव्हापासून मेहुण्यांच्या खणात असतं. खणाला कुलूप नाही.

मंगळवार, ७
परीक्षा. बाईंनी निकामी केलेलं पिस्तूल खेळण्यांच्या टोपलीत ठेवलं आणि एकेकाला आत सोडलं. आम्ही दाराच्या काचेतून पाहत होतो. एकूण एक पोरानं उचललं! भाची तर तोंडानं "हात लावू नको, हात लावू नको" म्हणत होती — आणि नळीला डोळा लावून आत बघत होती.

आम्हीही पाठशाळेत "रामः रामौ रामाः" घोकलं. राम समोर आला असता तर ओळखला नसता.

बाई शांत. "पाठ झालंय, अंगात नाही आलं. आता एकेकाकडून करून घ्यायचं."


शुक्रवार, १०
जमलं! बाईंनी न सांगता तेच पिस्तूल जिन्याखाली ठेवलं होतं. भाची थबकली, हात मागे घेतले, धूम पळाली ती थेट बाईंवर आदळली — "तिकडे बंदूक आहे!"
मग माझ्याकडे बघून, "मामा, तू रडतोयस?"
"कचरा गेला गं डोळ्यात."
"खोटारडा!"

बाई मात्र हुरळल्या नाहीत; मेहुण्यांच्या खणाचं मी त्यांच्या कानावर घातलं होतं. "विसरतात हो मुलं. घरचं आधी कुलपात जाऊ दे. शिकवण त्याच्यानंतर."

रविवार, १२
मेहुण्यांना निरोप पोचवला.
"आता कुलूप कशाला? पोरगी तयार झाली की! आणि चोर आला तर मी किल्ली शोधत बसू?"
"त्याला म्हणा, बसा जरा, चहा घ्या."
खो खो हसले. माझ्या विनोदांचा हाच दोष — लोक हसतात आणि सुटतात.
बहीण कप गोळा करून आत गेली.

मंगळवार, २१
बातमी आली. 'चिमुकले झाले सावध!' कुलपाबद्दलचं वाक्य जागेअभावी गाळलं. एकच वाक्य कामाचं होतं.

रविवार, २६
मेहुण्यांकडे पाहुणे. चहा झाल्यावर त्यांनी पिस्तूल आणलं — गोळ्या काढून, म्हणे — टीपॉयवर ठेवलं आणि पोरीला हाक मारली. ती थांबली, पळाली, सांगितलं. टाळ्या! वर बिस्किट. "पुन्हा एकदा!" तिसऱ्या वेळी ती खिदळत पळाली.

मी ओरडलो. मेहुणे म्हणाले, "पत्रकारसाहेब, रिकामं आहे हो. तुमच्या बाईंनी वेगळं काय केलं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तरुणपणी पाठशाळेत चार वर्षं न्यायशास्त्र, म्हणजे वाद घालण्याचंच शास्त्र, शिकलो, आणि एका बिस्किटापुढे वादात हरलो.

निघताना जिन्यात बहिणीला म्हटलं, "पोरीला घे आणि चल माझ्याकडे."
"काय सांगू लोकांना, दादा? नवऱ्यानं लेकीचं कौतुक केलं म्हणून घर सोडलं?"

सोमवार, २७
तिचं चुकलं नाही. मलाही काही सुचत नाही. कुलूप विकत आणलं. ते माझ्याच टेबलावर पडलंय.

गुरुवार, ३०
दुपारी बहिणीचा फोन. घरात दोघीच होत्या. पोर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पिस्तूल दोन्ही हातांत धरून, नळी आईकडे.
"आई, बघ! टाळ्या वाजव ना."
गोळ्या आत होत्या.
मी विचारलं, "मग घेतलंस कसं तिच्याकडून?"
"टाळ्या वाजवत वाजवत जवळ गेले, दादा."