गावाचे पाळक, आमचे पप्पा

४ फेब्रुवारी

चर्चच्या मंडळीचे चिटणीस येऊन गेले. रविवारी देवळात पप्पांची स्मरणसभा. "तुम्ही मुलगी. तुम्ही चार शब्द बोलायलाच हवेत." जसं काही माझ्याकडे पोतं भरून ठेवलंय आणि त्यातले चार काढून द्यायचेत!

जाताना दारात घुटमळले. नवे पाळक महिनाअखेरीस येतायत, त्यांची मुलं लहान आहेत, तेव्हा हे घर... पुढचं त्यांना बोलवेना. मीच म्हटलं, "रिकामं करते." त्यांचा जीव भांड्यात पडला.

माझं अख्खं आयुष्य या घरात गेलं. पण घर आमचं कधी नव्हतंच. बाप्टिस्ट मंडळीचं. पप्पांसारखंच.

५ फेब्रुवारी

आज कामावर, चष्म्याच्या दुकानात, सुतारकाकू आल्या, नंबर तपासायला. मी अक्षरांचा तक्ता दाखवतेय, आणि या मधल्या ओळीवरच रडायला लागल्या. म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात सगळ्यांनी आशा सोडली होती. पाळकसाहेब आमच्या बाहेरच्या खोलीत गुडघे टेकून बसले ते हलले नाहीत. आणि तिकडे त्यांची स्वतःची बायको शेवटच्या घटका मोजत होती गं! असा देवमाणूस पुन्हा होणे नाही."

हे मला सांगतात. ती बायको म्हणजे माझी आई.

तिच्या तोंडात पाणी मी घातलं. अंगावर शाळेचा गणवेश होता. धाकटा भाऊ शेजाऱ्यांकडे. आई एकच विचारत होती, "आले का गं?" आणि मी दर वेळी, "येतच आहेत." पप्पा आले तेव्हा शेजारणीने तिच्यावर चादर ओढलेली होती. त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. फार सुंदर केली, असं सगळे म्हणतात. नंतर मला म्हणाले, "तिकडे दोघंही वाचले." जसं काही मी तेच विचारत होते.

बाळंतीण वाचली, बाळ वाचलं, हे खरंच. त्यापुढे मी काय बोलणार? राग धरावा तर एका लेकराच्या जगण्यावर धरल्यासारखं होतं. म्हणून गिळला. अजून गिळतेय.

काकूंना सांगितलं, "लांबचं छान दिसतं तुम्हाला. जवळचंच दिसत नाही." त्या म्हणाल्या, "वय झालं."

६ फेब्रुवारी

पप्पांची खोली आवरायला घेतली. दिवसभरात एक कपाट झालं. सगळे कोट कोपरावर विरलेत. रफू माझंच.

७ फेब्रुवारी

धाकटा आला. त्याच्यासाठी चिटणीस स्वतः बसथांब्यावर गेले होते. मुलगा ना!

शिकायला म्हणून जो गेला तो गेलाच. नोकरी तिकडे, संसार तिकडे. आणि मी इथे. पप्पांचं पथ्य, पप्पांच्या गोळ्या, पायाची नखं. शेवटी शेवटी ते मला कामवाली बाई समजायचे. "ताई, तुमचे उपकार आहेत" म्हणायचे. स्वतःच्या मुलीला! पण ह्याचा फोन आला की चेहरा उजळायचा. "माझा मुलगा आहे" असं मलाच सांगायचे.

जेवताना धाकटा म्हणाला, "तू का थांबलीस ताई? कोणी बांधून ठेवलं होतं का?"

उठले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

८ फेब्रुवारी

चार शब्द अजून सापडलेले नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

सभा झाली. देऊळ गच्च. खिडक्यांबाहेरही माणसं. बसचा ड्रायव्हर बोलला, पप्पांनी त्याची दारू कशी सोडवली. रोज संध्याकाळी गुत्त्याच्या दारात उभे राहायचे म्हणे, आणि त्याला घरी पोचवायचे. रोज संध्याकाळी! आम्हाला वाटायचं ते प्रार्थनेला जातात. मुख्याध्यापिका बोलल्या. सगळ्यांकडे एक एक गोष्ट, आणि प्रत्येक गोष्ट खरी. हेच तर दुखतं. ढोंगी असते तर सोपं गेलं असतं.

माझं नाव पुकारलं. उभी राहिले. म्हटलं, "पप्पा वेळेवर जेवायचे नाहीत. ताट झाकून ठेवावं लागायचं." आणि बसले. लोक हसले. प्रेमाने. एकीने डोळे पुसले. यांना काहीच ऐकू येत नाही.

मग धाकटा उठला. त्याने सांगितलं, पप्पांनी त्याला नदीत पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरायचे आणि म्हणायचे, "मी सोडलंय असं वाटेल तुला, पण सोडलेलं नसेल." एक दिवस त्याने वळून पाहिलं तर पप्पा पार काठावर उभे, आणि हा एकटा पोहतोय. सगळं देऊळ रडलं. चिटणीस तर हुंदके देत होते.

मी कोरडीच. म्हणजे वेळ होता तर! नदीवर जायला, पोटाखाली हात धरायला वेळ होता. फक्त माझ्यासाठी नव्हता. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत होते, की माणूस गावाचा झाला की घराला उरत नाही, कोणालाच नाही. तर तसं नव्हतं. मलाच नव्हता उरत.

१० फेब्रुवारी

धाकट्याशी बोलले नाही. पप्पांची पुस्तकं मंडळीला दिली. त्याला विचारलंही नाही.

११ फेब्रुवारी

दुकानाच्या मालकांनी मागची खोली राहायला देऊ केली. काचा घासायचं मशीन तिथेच आहे, दिवसभर घरघरतं. हो म्हटलं.

१२ फेब्रुवारी

धाकट्याला बसवर पोचवायला गेले. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडातून गेलंच. "तुला पोहायला शिकवलं. मला साधी सायकलही नाही."

त्याने गाडीच्या खिडकीची काच सरकवून बंद केली. मग म्हणाला, "ताई, मला पोहता येत नाही."

ती नदीची गोष्ट न्हाव्याची, पप्पांनी शिकवलं ते त्याला. सभेच्या सकाळी दाढी करताना त्याने सांगितलेली.

"खूप शोधलं गं. माझी एकसुद्धा निघेना. आणि सगळे माझ्याकडे बघत होते."

गाडी सुटली तेव्हा मी त्याच्या शेजारच्या सीटवर होते. पुढच्या थांब्यावर उतरले आणि चालत परत आले.