ग्रेसिलला भूत कोणी केलं

१२ ऑक्टोबर

ग्रेसिलचं भूत केलंय लोकांनी. माझ्या सख्ख्या बहिणीचं!

माझ्याबरोबर दुकानात काम करणाऱ्या जेसाने मोबाइल पुढे धरला. 'फिलिपिन्समधल्या झपाटलेल्या दफनभूमी' — त्यात आमच्या गावची. फोटो ग्रेसिलच्या थडग्याचा, नावसुद्धा झाकलेलं नाही. खाली लिहिलंय: पिवळ्या फ्रॉकमधली पोरगी, प्रियकराने फसवलं म्हणून विहिरीत उडी घेतली, आता फाटकाशी उभी राहून हाका मारते.

कसला प्रियकर? डेंगी झाला होता तिला. सतरा वर्षांची होती.

"सोड गं, लोकांना गंमत हवी असते," जेसा म्हणाली. मग कर म्हणावं तुझ्या बहिणीची गंमत.

१३ ऑक्टोबर

आईला सांगितलं नाही. ती रोज दुपारी जाते तिथे, झाडलोट करते, बसते. कानावर गेलं तर मरेल.

१५ ऑक्टोबर

सगळं शोधून वाचलं. डोकं नुसतं तापलंय. एकाचं वाचून दुसऱ्याने मीठ लावलं, तिसऱ्याने मिरची. एका ठिकाणी ती गरोदर आहे. एका ठिकाणी तिला बापाने मारलं — बाबा तर ती पाळण्यात असतानाच गेले.

आणि तो व्हिडिओ. इलोइलो शहरातला कुणी डेन्सिओ. थडग्यावर चक्क आडवा झालाय, बूट घातलेले पाय तिच्या नावावर. "ये ना ग्रेसिल, एकटीच आहेस का?" मागे मित्र खिदळतायत.



१७ ऑक्टोबर

सगळ्यांना लिहिलं. कुणाचं उत्तर नाही. फक्त डेन्सिओचं आलं: "मानांग, भीती वाटत असेल तर बघू नका." मानांग म्हणे! माझी बहीण मेली ती, आणि हा मला थोरली बहीण करतोय.

नगरपालिकेतला बाबू म्हणाला, "भुताची तक्रार आमच्याकडे येत नाही, बाई." शेजारचे दोघे हसले. मीही मग तोंड सोडलं. बाहेर काढलं मला.

२० ऑक्टोबर

चर्चमधल्या फादरनी मात्र ऐकून घेतलं. फाटकाला कुलूप घातलं. ज्यांची माणसं आत आहेत त्यांनी चावी मागून न्यायची. हौशे-गवशे बंद.

२३ ऑक्टोबर

डेन्सिओच्या आईला फेसबुकवर शोधून काढलं. मुलाचा पराक्रम धाडला तिला. जेवणापूर्वी व्हिडिओ गायब! मग त्याचा फोन.

"आईला कशाला मध्ये आणलंत, मानांग?"

"तू माझ्या बहिणीला आणलंस म्हणून."

मग म्हणाला, "ते विहिरीचं वगैरे आम्ही घातलं. पण पिवळ्या फ्रॉकचं आमच्या मनचं नाही. तिथल्या एका म्हातारीने आम्हाला विचारलं होतं, पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी दिसली का. सगळ्यांनाच विचारते ती."

फाटकाबाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या बायकांपैकी असणार. हिच्या जिभेला हाड नाही आणि भोगायचं आम्ही. सापडू दे एकदा.

२६ ऑक्टोबर

बाकीच्या दोन पानांवरूनही ग्रेसिल गेली. जिंकले मी. आज किती दिवसांनी शांत जेवले.

आई मात्र जेवली नाही. म्हणाली, भूक नाही.

२९ ऑक्टोबर

आई दुपारी लगेच परत आली. विचारलं तर म्हणाली, "हल्ली कुणीच येत नाही गं पोरी. विचारायचं कुणाला?"

"काय विचारायचंय, आई?"

"ती दिसली का ते. पुरताना तिला घातलेला पिवळा फ्रॉक सांगते मी, म्हणजे ओळखतील. मला इतक्या वर्षांत एकदाही दिसली नाही. परक्या पोरांना दिसते म्हणतात."

डेन्सिओला फोन केला. ये म्हटलं, चावी मी आणते. आईने विचारलं तर दिसली म्हणून सांग. बरी होती, म्हण.