पेडलवरच्या अक्षता

॥ श्री ॥
वणी, ३ ऑक्टोबर २०२५

चि. यशश्रीस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

गंगाधरदादाचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनीचा खोकला काढ्याने बसला की हट्टीच निघाला? योगिनी नवा चष्मा डोळ्यांवर घालते की अजून दप्तरातच फिरवते? आणि तुझी बोटं? तारांनी सोलवटली होती, तूप लाव म्हटलं होतं, लावलं नसशीलच.

मी ठीक. नवरात्रात गडावर जाणाऱ्या बायकांनी चोळ्यांसाठी रांग लावली, शिलाई मशीनला उसंत नव्हती. तू इथे विसरून गेलेली गिटारची डबी, चुकले, पेडल, शेजारच्या दीपकच्या हाती पाठवतेय. किती कौतुकाने दाखवलं होतंस! माझ्या मित्राने, गौरांगने, स्वतःच्या हाताने बनवलंय, तार हळू छेडली तर सुराला धक्का लावत नाही, जोरात छेडली तर वाघासारखं गुरगुरतं. मी म्हटलं होतं, आपल्या दादासारखंच की!

पोचल्यावर ते बोलतं का, तेवढं पाहा. दीपकला बजावलंय, फार हलवू नकोस. कोजागिरीचा कार्यक्रम झोकात होऊ दे.

तुझी,
श्यामलाआत्या


नाशिक, ८ ऑक्टोबर

ती. श्यामलाआत्यास सा. न. वि. वि.

बाबांचा गुडघा बरा, आईचा खोकला हट्टी, योगिनीचा चष्मा दप्तरात. तूप लावलं नाही.

कार्यक्रम पार फसला, आत्या. पेडल आलं तेव्हा दिवा लागत होता, पण आवाज खरखरत होता. आदल्या दिवशी गौरांगने ते उघडलं, काहीतरी पुसलं आणि म्हणाला, चालेल बहुतेक. मंचावर हळू वाजवलं की फरफर, जोर लावला की मुकं. शेवटी गिटारचा आवाजच गेला. लोक हसले. मी खाली उतरले ती रागानेच, आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, तुझं कामच कच्चं, उगाच कारागीर म्हणवून घेतोस.  त्याने वायरी गुंडाळून खांद्याला अडकवल्या आणि तो निघून गेला. समर्थ नि सोमनाथ, आमच्याबरोबर वाजवणारे दोघं, त्याच्याकडून पेडल बनवून घेणार होते. त्यांनीही दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवलं.

शाळेपासूनचा मित्र तो. पण चूक त्याचीच ना? तूच सांग. तुझं ऐकेन.

तुझी,
यशश्री


वणी, ११ ऑक्टोबर

चि. यशश्रीस आशीर्वाद.

आज कुणाची खुशाली विचारायला तोंड नाही. फोन करणार होते, पण फोनवर मी आधी रडते आणि बोलायचं राहून जातं. म्हणून कागद.

चूक गौरांगची नाही. माझी.

खंडेनवमीला मशीन पुसलं, कात्री नि टेप पाटावर मांडली. तुझं पेडल कोपऱ्यात होतं. म्हटलं, पोरीचंही हत्यारच ते, त्याला का उपाशी ठेवा? ओल्या फडक्याने लख्ख केलं, हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, फुलाने दुधाचे शिंतोडे उडवले. शिंतोडे कसले, हात सैल माझा! दूध बटणाच्या कडेने आत उतरलं. उचललं तर वायरीच्या भोकातून शिरलेले तांदूळ पोटात खुळखुळत होते.

उन्हात ठेवलं, उलटं करून थोपटलं, कुंकू पुसून टाकलं. तुला लिहिताना पेन तिथवर आलं की दुसरीकडे वळवलं. वाटलं, बिघडलं नसेलच तर कशाला बोभाटा? देवाचं केलंय, देव सांभाळेल. देवाला बरं पुढे केलं! भोगलं मात्र त्या पोराने.

माझा जन्म शिवण्यात गेला. गिऱ्हाइकाने चार बायकांदेखत शिवण कच्ची म्हटली, की त्या दिवशी घास उतरत नाही. मला ठाऊक आहे ते, आणि तरी मी मुकाट राहिले. आधी त्याच्याकडे जा. मला बोल लावायचे ते मागाहून लाव.

श्यामलाआत्या


नाशिक, १५ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न.

खरं सांगू, तुझा रागच आला. पूजेचा नाही, पुसून गप्प बसलीस त्याचा. मग वाटलं, मी तरी कुठे कुणाला काही विचारलं?

पंचवटीत गौरांगच्या घरी गेले. तुझं पत्र पुढे केलं, तर त्याला सगळं माहीत होतं! उघडलं तेव्हाच आत कुंकवाचे तांदूळ सापडले होते. म्हणाला, आमच्याकडेही दसऱ्याला पान्हे-पकडींची पूजा होते, दाणे पाहिले आणि कळलं कुणी केलं असेल. सांगितलं असतं तर तू आत्यावर चिडली असतीस आणि पोरांनी तिची टिंगल केली असती.

मी माफी मागितली. तो म्हणाला, दिली, पण एकदा विचारायचं होतंस. आमच्यात परत यायचं मात्र नाव काढत नाही. समर्थ-सोमनाथला काही सांगू नकोस म्हणतो, आत्याचं हसं होईल. मी आता काय करू?

तुझी,
यशश्री


वणी, १७ ऑक्टोबर

चि. गौरांग यास अनेक आशीर्वाद.

आपली भेट नाही. तुझ्या यंत्रात तांदूळ पेरणारी यशश्रीची आत्या ती मीच.

तू माझी लाज राखलीस. वयाने लहान असून मोठेपणा घेतलास, पण बाळा, तो माझ्या अंगाला टोचतो. म्हातारीचं हसं झालं तर चार दिवस होईल. मीही त्यांच्यात बसून हसेन. हातच्या कामाला कुणी कच्चं म्हटलं, तर ते मात्र गावभर फिरत राहतं.

तेव्हा हे पत्र खिशात ठेवू नकोस. यशश्री, समर्थ आणि सोमनाथ यांच्यासमोर मोठ्याने वाच. दूध मी सांडलं. तांदूळ मी टाकले. कुंकू पुसून गप्प बसले तीही मीच. पेडलच्या कामात खोट नव्हती. मधलं काही गाळायचं नाही. गाळलंस तर दिवाळी होताच पहिल्या एसटीने येईन आणि तुमच्या त्या गोंगाटात उभी राहून स्वतः सांगेन. माझ्या आवाजाला पेडल लागत नाही.

लोभ मागायचा हक्क अजून नाही. राग ठेवलास तरी चालेल, पण मनात ठेव मला. वाचून दाखवलंस की ते काय म्हणाले, ते तुझ्याच हाताने लिहून लवकर कळव. रोज पोस्टमनची वाट पाहतेय.

श्यामलाआत्या