आईने लावलेली बॅटरी

रविवार, सातारा

पडदा नुसता काळाच राहिला, तर त्याला फिल्म म्हणायचं का? खरंच सांगता येत नाही. आज प्रायोगिक लघुपट बघायला गावाहून, कुंडलहून, आईला आणलं होतं. पडदा काळा होताच ती मोठ्यांदा म्हणाली, "लाईट गेली व्हय गं?" आणि मोबाईलची बॅटरी लावली. सगळे हसले.

नंतर चर्चा. फिल्म कशी वाटली, मलाही विचारलं. घरातली पहिली पदवीधर मी. मला सगळं कळतं असं आईला वाटतं. तिच्यासमोर 'कळलं नाही' म्हणायचं? शेवटी म्हणालेच. "पण आईच्या बॅटरीच्या उजेडात आपण एकमेकांचे चेहरे बघितले, ते फार आवडलं." आता कुणी हसलं नाही. आई शेजारच्या बाईंना सांगत होती, "माझी हाय ती. खोटं बोलत न्हाई."

कुंडलला दाखवायला, चर्चेला आलेल्या दिग्दर्शकाकडून फिल्म मागून घेतली. पेनड्राइव्ह आईने पदराच्या गाठीत बांधलाय.